मामा वाट चुकतो

भर दुपारी कुणी पुस्तकाची गोष्ट विचारली, की यशोदाताई ओठांवर बोट ठेवायच्या आणि दुसऱ्या हातानं खिडकीबाहेरचं ऊन दाखवायच्या. "दिवस आहे ना अजून? दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो." एवढं बोलून त्या पुन्हा फाटक्या पुस्तकाला खळ लावायला लागायच्या. विचारणारा नवा असेल तर गोंधळून माझ्याकडं बघायचा. मी काय सांगणार, कपाळ! जव्हारच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून बसलेली बाई, लोक येतात तेच मुळी काय वाचावं ते विचारायला, आणि पुस्तकात काय आहे ते सांगायचं नाही म्हणे. पण खरं सांगते, लोकांच्या गळी इतकी पुस्तकं उतरवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी मूळची सांगलीकडची. भौतिकशास्त्र शिकवायला जव्हारच्या कॉलेजात बदलून आले, तेव्हा माझी मिनू अजून बालवाडीत होती आणि माझा जीव तिथं अजिबात रमत नव्हता. एका शनिवारी वाचनालयाचा जिना चढले. वर तीन लोखंडी कपाटं, एक टेबल, आणि टेबलामागं चाळिशीच्या आसपासची सावळी, किडकिडीत बाई. मी म्हटलं, "एखादी चांगली ऐतिहासिक कादंबरी द्या." त्यांनी नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. म्हणाल्या, "मागचं पुस्तक कुठं सोडलंत?"

"सोडलं नाही. पूर्ण वाचलं."

"खोटं. पूर्ण वाचलेलं माणूस असं एखादी-बिखादी मागत नाही."

मला राग आला, पण खोटं होतंच ते. म्हटलं, "मध्यावर सोडलं. त्यात सगळेच थोर होते. कंटाळा आला."

"मग हे न्या. ह्यात कुणीच थोर नाही." आणि त्यांनी पुठ्ठा नसलेलं एक जाडजूड पुस्तक पुढं सरकवलं. दुसऱ्या ग्रहावर खाणी खणायला गेलेल्या माणसांचं. मी म्हटलं, "बाई, मी भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञानकथा वाचवत नाहीत मला, चुका दिसतात." त्या शांतपणे म्हणाल्या, "मग चुका काढायला न्या."

पुढच्या शनिवारी मी पुस्तक घेऊन हजर. "सापडल्या चुका?" "सापडल्या. ढीगभर." "दुसरा भाग देऊ?" मी गुपचूप हात पुढं केला. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

तिथले वाचक अद्भुतकथा आणि विज्ञानकथा असला भेद करत नसत. सगळ्याला एकच नाव, उडतं पुस्तक. दाभोशाच्या लाईनीवर जीप चालवणारा किसन दारातूनच ओरडायचा, "ताई, एखादं उडतं द्या, शीट भरंपर्यंत वाचतो." वसतिगृहाच्या पोरी यायच्या, बँकेतले नागपूरचे साहेब यायचे. प्रत्येकाला आधी तोच प्रश्न, मागचं कुठं सोडलंस? कुणी म्हणायचं, लढाई सुरू झाली तिथं. कुणी म्हणायचं, नावंच ध्यानात राहीनात. त्यावरून ताई ठरवायच्या. गोष्ट सांगायच्या नाहीत, पण बाकी सगळं सांगायच्या. "हे आवणी उरकल्यावर ने, नाहीतर रोपं तशीच राहतील." "ह्यात शेवट गोड आहे, पण मध्ये पोटात गोळा येतो, जेवून बस." "हे नवऱ्याशी भांडण झालं असेल तेव्हाच वाच."

आणि त्यांची मतं? बाप रे! एका नावाजलेल्या कादंबरीबद्दल मी फार कौतुकानं बोलत होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, चारशे पानं झाली, त्या यानात कुणी जेवलंच नाही. ज्या जगात भांडी कोण घासतं ते लिहिणाऱ्याला माहीत नाही, ते जग मी मानत नाही." राक्षसांच्या बाबतीत तर त्या फारच चोखंदळ. तिकडं गावोगाव बोहाडा होतो, मुखवटे चढवून देवांची आणि राक्षसांची सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं ते ठरलेलं असतं. ताईंच्या सासरी एका राक्षसाचं सोंग होतं. "आमच्याकडं राक्षस सकाळी उठून चहात साखर कमी म्हणून कुरकुरतो. तो पुस्तकातला राक्षस मला कुरकुरताना दिसला पाहिजे. नुसता आरडाओरडा करणारा काय कामाचा?" त्यानंतर मला कुठलाही राक्षस वाचताना आधी साखरच आठवायला लागली.

फोनवर त्यांचा एक ग्रुप होता, नाव 'काय वाचू?'. सुरुवातीला जव्हार-मोखाड्याचीच माणसं होती, मग कुणाच्या तरी ओळखीनं पुण्यानागपूरकडचेही शिरले. दिवसभर लोक विचारायचे, काळात मागं जाणारं काही आहे का, परीकथा पण मोठ्या माणसांची आहे का. ताई दिवसभर गप्प. मग दिवेलागण झाली की त्यांच्या गावाहून, पोशेऱ्याहून, आवाज यायचा. "नमस्कार मंडळी, दिवे लागले. सकाळी रोहिणीनं विचारलं होतं, तिच्यासाठी सांगते. एक बाई रोज स्वतःचं दार उघडून आत जायची. एक दिवस दार उघडलं तर घर तिचंच, पण चुलीपाशी दुसरीच बाई बसून भाकऱ्या थापतेय. आणि ती बाई वळून म्हणते, उशीर केलास. बास. पुढचं वाचा. तिसरं कपाट, खालचा कप्पा." दुसऱ्या दिवशी त्या कप्प्यावर झुंबड.

एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी लांबलचक अटी लिहिल्या. पुस्तक अद्भुत हवं पण तर्कशुद्ध हवं, भाषा सुंदर हवी पण जड नको, फार जाड नको, घरात सगळ्यांना चालणारं हवं. संध्याकाळी ताईंचं उत्तर आलं, "दादा, तुम्ही पुस्तक शोधताय की सून?" ग्रुप दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना ताईंनी असं पुस्तक सुचवलं, की ते कायमचे त्यांचे भक्त झाले.

हे आवाज पाठवायला त्यांना घरामागचा चढ चढून खडकावर उभं राहावं लागायचं, कारण त्यांच्या कार्डाला गावात रेंजच नव्हती. मी कितीदा म्हटलं, "ताई, कंपनी बदला. दुसऱ्या कार्डाला घरात बसून रेंज येते." त्या म्हणायच्या, "हाच नंबर बरा आहे." हट्टी बाई, असं म्हणून मी विषय सोडला. दिवसा गोष्ट न सांगण्यावरूनही मी त्यांना छेडायची. "दुसऱ्या ग्रहांची पुस्तकं वाचता, आणि ही अंधश्रद्धा?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "मॅडम, तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे ना. द्राक्षांचा ट्रक चालवतो, लांबच्या लाईनला."

"म्हणजे मिनूचा मामा रस्त्यावर असतो. मग तर तुम्ही बोलूच नका."

खरं काय ते मला पोशेऱ्याला कळलं. नागलीची भाकरी खायला या म्हणून ताईंनी मिनूला आणि मला घरी नेलं होतं. त्यांच्या आई आपलं घर सोडून लेकीकडं राहत होत्या. जेवणं झाली, मिनू म्हातारीला बिलगून म्हणाली, "आजी, गोष्ट सांगा ना." म्हातारीचा चेहरा एकदम बदलला. "नको गं बाय, दिवसाची नको. हिनं सांगली एकदा. हिची पोरगी तापानं फणफणलेली, रडत व्हती, म्हणून हिनं दुपारचीच गोष्ट सांगली. आन माझा काळू नाय आला."

काळू म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. तिकडची माणसं दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर पडतात, त्याला जगायला जाणं म्हणतात. काळूही दरवर्षी जगायला जायचा, कधी भिवंडीला, कधी वापीकडं, आणि शिमग्याला परत यायचा. येताना बहिणीसाठी रद्दीतली पुस्तकं पोत्यात भरून आणायचा. त्याला स्वतःला धड वाचता येत नव्हतं. पुठ्ठ्यावर उडता माणूस नाहीतर यान दिसलं की उचलायचा, आणि संध्याकाळी बहिणीकडून वाचून घ्यायचा. वाचनालयातलं निम्मं उडतं कपाट त्याच पोत्यांतून आलेलं. एका शिमग्याला पाड्यावरची सगळी माणसं आली, काळू आला नाही. मुकादम म्हणाला, दुसऱ्या टोळीबरोबर गेला. फोन बंद. ताईंनी तक्रार दिली, भिवंडी पालथी घातली, वापीला जाऊन आल्या. काही पत्ता नाही.

जीपपर्यंत सोडायला ताई आल्या. त्याच म्हणाल्या, "मॅडम, मला कळतं हो. गोष्टीनं कुणी वाट चुकत नाही. पण समजा चुकत असेल तर? ही सगळी उडती पुस्तकं ह्या एका 'समजा'वरच उभी आहेत ना? मग मी गप्प बसले तर माझं काय जातंय?" आणि मग हळूच, "नंबरही त्याला हाच पाठ आहे." मी त्यांना पुन्हा कधी छेडलं नाही. कार्डाचा विषय तर काढलाच नाही.

पुढं दोनेक वर्षांनी, दसऱ्याच्या सुमाराला, मी पुस्तक बदलायला गेले होते. जिन्यावरून एक वाकलेला माणूस दबकत वर आला. वांगणीचा होता. पायातल्या चपला दाराबाहेर काढून उभा राहिला. "बाय, काळूची बहीण तूच ना?"

ताई उठून उभ्या राहिल्या.

तो माणूस आणि काळू वापीच्या पुढं दगडाच्या खाणीवर एकत्र होते. काळूला ताप भरला, त्यातच शुद्ध गेली. दवाखान्यात नेईनेईपर्यंत खेळ आटोपला. त्याचा फोन आधीच चोरीला गेलेला, ह्यांच्यापाशी कुणाचा नंबर नव्हता. तिथंच नदीकाठी सगळं उरकलं. हा माणूस पोशेऱ्यापर्यंत यायला धजला नाही, मग वर्षामागून वर्षं इकडं तिकडं कामाला फिरत राहिला. "सांगाया तोंडच झाला नाय, बाय. माफ कर."

ताईंनी त्याला बसवलं, माठातलं पाणी दिलं. मग एकच विचारलं. "तो दुसऱ्या टोळीबरोबर गेला म्हणतात. वाट चुकला होता का हो?"

"नाय गं! वाट कशी चुकंल? शिमगा आलाय म्हणून पिशवी भरून बसला व्हता. भाचीला बांगड्या घेतल्या व्हत्या. घरचीच वाट धरायची व्हती त्याला. ताप आडवा आला."

ताईंनी मान हलवली, बराच वेळ हलवतच राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "मॅडम, कुलूप लावाल? आईला सांगायला जाते. चुकला नव्हता म्हणून सांगते." त्या दिवशी किसननं शीट भरायची वाट बघितली नाही. एकट्या ताईंना घेऊन त्यानं जीप पोशेऱ्याला काढली.

दिवसकार्य झालं. त्यानंतर एका सकाळी ग्रुपवर आपोआप येतो तो संदेश आला, यशोदाताईंनी फोन नंबर बदलला आहे. लोकांनी अंगठे पाठवले, टाळ्या पाठवल्या, बरं झालं ताई, आता घरात रेंज येईल. त्यांना काय माहीत! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी वाचनालयात गेले तर ताई नेहमीच्या जागी होत्या. बाहेर ऊन असं की डोळे दिपावेत. वसतिगृहातली एक पोर एक पुस्तक उलटसुलट करत होती. काळूच्या पहिल्या पोत्यातलं होतं ते, मला माहीत होतं. नेहमीच्या सवयीनं तिनं विचारलं आणि स्वतःच जीभ चावली, "ताई, ह्यात काय... नको नको, संध्याकाळी सांगा."

ताईंचा हात ओठांकडं निघाला होता. तो अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

"बस," त्या म्हणाल्या. "सांगते."

"आत्ता? दिवसा?"

"आता वाटेत कोणी नाही गं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. एका बेटावरच्या माणसांची गोष्ट होती. त्यांच्या सावल्या रोज सकाळी कामाला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. ताई हातवारे करून सांगत होत्या, राक्षसाचा आवाज काढत होत्या, मध्येच हसत होत्या. किसन दारात येऊन उभा होता, खाली त्याची माणसं हाका मारत होती, तो हलला नाही. मी कपाटाकडं तोंड करून रडले. खोटं कशाला बोलू, हुंदके देऊन रडले. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, सगळे ऐकत होते.

गोष्ट ऐन रंगात आली आणि ताई थांबल्या. पोर म्हणाली, "पुढं?"

"पुढचं घरी नेऊन वाच. सगळं मीच सांगू काय?"

माझी पुढच्या वर्षी बदली झाली. निरोपाला ताईंनी एक पुस्तक दिलं आणि बजावलं, "सोडलंत तर कुठं सोडलंत ते कळवा." आता 'काय वाचू?'वर त्यांचे आवाज कधीही येतात, सकाळी येतात, भर दुपारी येतात. घरात बसून बोलतात, मागं भांड्यांचा आवाज असतो. मिनू ते कान लावून ऐकते. परवा सुट्टीच्या दिवशी दुपारी ऐकता ऐकता मला म्हणाली, "आई, आता तू सांग ना एक."

माझा भाऊ त्या दिवशी माल घेऊन कुठंतरी ओडिशाकडं होता. सकाळपासून त्याचा फोन नव्हता.

"दिवे लागू देत," मी म्हटलं.

"आई, तू फिजिक्स शिकवतेस!"

"शिकवते ना. दिवे लागू देत."