मीनलच्या वॉकमधल्या काकू

असले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले, हे आधीच सांगते. मी ठाण्यात राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते… रिपोर्टमध्ये दिसेल तेच खरं मानणारी बाई.

माझा धाकटा भाऊ दीपक डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर राहतो. त्याची बायको मीनल रविवारी सकाळी फूड वॉक घेते. फडके रोडवरून सुरुवात, मग फराळाची जुनी दुकानं, भाजी बाजार आणि शेवटी तिच्या घरी खापरोळ्या — जाड, जाळीदार आंबोळ्या, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. लोक फोटो टाकतात, वा-वा करतात. मला ते बघवायचं नाही. खापरोळ्या आमच्या आईच्या! आणि आई दीपकच्या लग्नाआधीच गेली. मीनलने तिला पाहिलंसुद्धा नाही.

मला स्वतःला त्या कधीच आईसारख्या जमल्या नाहीत. विचारलं की आई हसायची, "मी आहे ना गो अजून!"

एका रविवारी मी मुद्दामच गेलेले, ही काय दिवे लावते ते बघायला. घरी पोचल्यावर तिने वाढलं. पहिला घास घेतला. तीच किंचित आंबूस चव… आईचीच.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "मीनल, तुमच्या सासूबाई आज नाही आल्या? मागच्या वेळी बाजारात तुम्हाला नारळ निवडून देत होत्या ना!" त्या कल्याणच्या, दुसऱ्यांदा आलेल्या. आम्हाला कुणालाच ओळखत नव्हत्या.

मीनलच्या हातातला डाव रसात पडला.

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. "कोण होती?"

"ताई, मला वाटलं बुकिंगमधल्याच कुणी काकू असतील. नारळ कानाशी हलवून बघत होत्या. म्हणाल्या, 'यातलं पाणी फुकट घालवू नको गो, पीठ त्यातच वाट.' मी मागे वळले तर नव्हत्याच. घरी येऊन भिंतीवरचा आईंचा फोटो बघितला आणि…" तिला रडू फुटलं. "दीपकलाही सांगितलं नाही हो. वेडी म्हणाला असता."

नारळाचं पाणी! माझ्या मावशीलाही हे माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं.

भीती वाटायला हवी होती ना? मला फक्त जळफळाट झाला. शेवटच्या आजारपणात मी आईच्या उशाशी बसलेले. मी मुलगी. आणि ती आली ती हिच्याकडे? बाजारात, भर उजेडात?

"माझ्याबद्दल काही विचारलं का गं तिने?"

"नाही ताई."

घरी येऊन मी पीठ नारळाच्या पाण्यात वाटलं. खापरोळ्या अगदी तशाच झाल्या. एक खाल्ली… बाकीच्या झाकून ठेवल्या.

कुणी म्हणेल भास, कुणी म्हणेल मीनलने रचलं. पण मग त्या कल्याणच्या बाईंचं काय?

आता मी दर रविवारी डोंबिवलीला जाते. वॉक निघताना मीनल माणसं मोजते. तिचं झालं की मी मागे उभी राहून पुन्हा मोजते.

दर वेळी बरोबर भरतात. एकही जास्त नाही.