काथ्यात गुंडाळलेली जीप

खडा उडून जीपच्या पत्र्यावर ठण्णकन बसला, की तांडेलांचा हात आधी स्वतःच्या गालावर जायचा. लागलेलं पत्र्याला, आणि कळवळायचे हे. मग करकचून ब्रेक. खाली उतरून चाकामागे उकिडवे बसायचे, बोटाने पत्रा चाचपायचे आणि सीटखालून रंगाचा डबा नि कोंबडीचं पीस काढून, टवका उडालेल्या जागी एवढासा ठिपका लावायचे. वर तो वाळेपर्यंत फुंकर घालायचे. आणि मी, दवाखान्याची नर्स, औषधांची पेटी मांडीवर घेऊन भर उन्हात धुमसत बसायचे. असल्या माणसाला काय म्हणावं, सांगा!

त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. बाप, आजा सगळे मचव्यावरचे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. हे लढाईच्या दिवसांत मिलिटरीत गेले, मोटार शिकून आले, तरी गावाने तेच नाव चालू ठेवलं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी आमच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्याला लढाईतून उरलेली एक जुनी जीप मिळाली, तिच्याबरोबर ड्रायव्हर म्हणून हे आले. जीपला निळसर रंग नुकताच दिलेला होता. दिवेआगरच्या पुळणीपासून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूपासून, डोंगरातल्या वाड्यांपर्यंत मला फिरायला तेवढंच एक वाहन. तांडेलांची नोकरीही जीपपुरतीच होती. जीप आहे तोवर ड्रायव्हर, जीप गेली की घरी. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मला फार उशिरा कळलं.

रस्ता कसला, जांभ्याची खडी नुसती अंथरलेली. चाकं ती उचलायची आणि जीपच्याच अंगावर भिरकावायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, एवढासा टवका उडाला तर काय आभाळ कोसळलं?" तांडेल शांतपणे म्हणाले, "बाय, रंग हाय तवर पत्रा आपला. रंग गेला का पत्रा खाडीचा." खाऱ्या वाऱ्यात लोखंडाची काय गत होते, ते दवाखान्याच्या खिडकीच्या गजांकडे बघून मला समजायला हवं होतं. पण तेव्हा मी तरुण होते आणि जरा आगाऊच होते. मी हसले.

मग एका सकाळी डोंगरातल्या वाडीवरून निरोप आला. पहिलटकरीण अडली होती, तिला श्रीवर्धनला पोचवायचं होतं. तिला मागे आडवी घातली, मी तिच्याजवळ बसले, आणि तांडेल आपले सवयीने खडी चुकवत गाडी रांगवत निघाले. माझं डोकंच फिरलं. "तांडेल, बाई मरेल इथे! जीपला काय कवटाळून बसलात?" असं ओरडले मी त्यांच्यावर. त्यांनी नुसता पाय दाबला. खडे ताडताड बसायला लागले. दर आवाजाला त्यांचा हात गालाकडे जाऊ बघायचा आणि अर्ध्यावरून गिअरवर परत यायचा. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, भरलेले. एकदाही थांबले नाहीत ते. बाई सुखरूप सुटली, मुलगी झाली. परत आल्यावर मी स्वतः रंगाचा डबा धरून उभी राहिले आणि त्यांनी पिसाने एकेक टवका भरला. त्या दिवशी फुंकर मीही घातली.

त्याच आठवड्यात त्यांना उपाय सुचला. धक्क्याला लागताना मचवा घासू नये म्हणून त्याच्या कडेला काथ्याचे जाड गुंडाळे टांगतात. ते बघतच हे लहानाचे मोठे झालेले. त्यांच्या बायकोने नारळाची सोडणं खाडीत कुजवली, बडवून काथ्या काढला. तांडेलांनी त्याच्या जाडजूड चटया विणल्या आणि चाकांमागच्या पत्र्यावर टांगल्या. पण त्या फडफडायच्या आणि खडा फटीतून आत शिरायचाच. तेव्हा मी पुढे सरसावले. "अहो, पट्टी अशी बांधतात होय? सरका बाजूला!" आणि चटया पत्र्याला घट्ट आवळून मी माझ्या हातची गाठ मारली, दवाखान्यात मारते तशी. सुटायची बातच नको.

त्यानंतर ठण्ण असा आवाज म्हणून आला नाही. खडा उडायचा आणि नुसतं ढप्प व्हायचं. तांडेल खूश! "ऐकलाव, बाय? ढप!" रंगाचा डबा सीटखाली वाळून गेला. ओहोटीला आम्ही पुळणीवरूनच गाडी काढायचो, चटया भिजायच्या, वाळायच्या, पुन्हा भिजायच्या. असे तीन पावसाळे गेले. रोज सकाळी ते जीप पुसायचे, पण चटया मात्र तशाच ठेवायचे. म्हणायचे, "तुमची गाठ हाय. ती कशाला सोडायची?"

पुढे जिल्ह्याहून साहेब येणार असं कळलं. जुन्या गाड्यांपैकी धड असतील तेवढ्या ठेवायच्या, बाकीच्या कंडम. तेव्हाच कंपाउंडर मला म्हणाला, की जीप गेली तर तांडेलांचीही नोकरी गेली. पण तांडेल निर्धास्त होते. साहेब आले त्या सकाळी नवा सदरा घालून, जीप लखलखीत धुऊन उभे. चटया त्यांनी मुद्दाम ठेवल्या होत्या. साहेबांसमोर सोडायच्या, आतला कोरा रंग दाखवायचा, अशी हौस. माझ्या गाठी सुटता सुटेनात, शेवटी कोयता घेतला.

चटई निघाली आणि तिच्याबरोबर निळ्या रंगाचा पापुद्रा निघून आला. खाली तांबडा भुगा. दुसरी सोडली, तेच. साहेबांनी पेन्सिलीचं टोक पत्र्यावर टेकवलं, ते आरपार गेलं. तांडेलांचा हात गालावर गेला आणि तिथेच राहिला. "साहेब," ते म्हणाले, "एक पन खडा लागला न्हाय. बाईंना विचारा. एक पन न्हाय."

काथ्या खाडीतूनच आलेला. मीठ पोटात घेऊनच आला होता तो, वर पुळणीचं पाणी. मचव्याच्या लाकडाला ते मानवतं, म्हणून तांडेलांना त्यात कधी वैरी दिसलाच नाही. पण मी? जखमेवरची पट्टी रोज सोडून बघायची असते, ओली पट्टी आवळून ठेवली की आत सडतं, हे मी दिवसातून दहा बायकांना ओरडून सांगत होते! मी साहेबांच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, पट्टी मी बांधली, चूक माझी. साहेब भला माणूस. म्हणाला, "बाई, पण मी तरी काय करू?" खरंच, तो तरी काय करणार होता.

दुसरी जीप आम्हाला मिळाली नाही. पुढची कितीतरी वर्षं मी बैलगाडीने नाहीतर पायी फिरले. अडलेल्या बायका सगळ्याच काही श्रीवर्धनला पोचल्या नाहीत. तांडेल रेवसकडे भावाच्या मचव्यावर गेल्याचं कानावर आलं. पुन्हा भेट झाली नाही.

शेवटची भेट जीप न्यायच्या दिवशीची. भंगारात घालायची जीप अलिबागला त्यांनीच चालवत न्यायची, असा हुकूम. मी दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. तांडेल परसात गेले आणि त्या चटया उचलून घेऊन आले. चाकामागे बसून, भोकं पडलेल्या पत्र्यावर बांधायला लागले.

"तांडेल, आता कशाला हो?"

"रस्ता खडीचा हाय, बाय."

दोरी पुन्हा पुन्हा निसटत होती, गाठ बसेना. मी खाली उतरले, त्यांच्या शेजारी उकिडवी बसले आणि त्यांच्या हातातून दोरी घेतली. गाठ मीच मारली. या खेपेला सैल.