पत्र्यांवरचे दगड

त्या सकाळी मी बायकांच्या मंडपावर चढून पत्र्यांवर दगड ठेवत होतो. शिरपूरजवळच्या आमच्या गावची देवीची यात्रा... नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मी नुकताच अठरा पूर्ण केलेला, कमिटीचा स्वयंसेवक, छातीवर लाल फीत.

पत्रे गावातल्या घराघरांतून आणलेले असायचे. ते तारेनं बांधायचे असा नियम, पण तार अर्ध्यातच संपली. घरी आपण दगडच ठेवतो की... म्हणून उरलेल्या पत्र्यांवर दगड ठेवले.

बंदोबस्ताचे हवालदार खालून ओरडले, "काय रे नाना, देवीला कौल लावतोस का दगड मांडून? दुपारी आमचं हेलिकॉप्टर येणार आहे गर्दी बघायला. सगळे बांधलेत ना?"

"हो आबा, बठ्ठा बांधेल शेतस," मी म्हणालो. त्यांना सतरा कामं होती. वर न चढता त्यांनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी ते आलं. आमच्याकडे विमान दिसलं तरी लोक अंगणात यायचे, हे तर डोक्यावर! लोक उपरणी हलवू लागले, आणि ते आणखी खाली आलं... इतकं खाली की आतल्या माणसाचा चष्मा दिसला. लोक खुशीत नाचत होते. माझं लक्ष मात्र पत्र्यांकडे होतं.

आधी धूळ उठली. मग पहिला पत्रा उचलला गेला. मी "बाहेर निघा" म्हणून ओरडत होतो, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं... माझी चुलतबहीण, आमची अक्का, खाली बसलेली होती. वरून घरंगळलेला दगड तिच्या उजव्या मनगटावर पडला.

देवीची कृपा, जीव कुणाचाच गेला नाही. अक्काचा हात मात्र पुन्हा सरळ झाला नाही. भाकरी ती आजही डाव्या हाताने थापते.

चौकशी झाली. इतक्या खाली का उतरलात, हे वरच्यांना कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. वहीत 'पत्रे बांधलेले' लिहिलं होतं, सही हवालदारांची. त्यांचं प्रमोशन थांबलं, लांब बदली झाली. आणि मी... मी देवळात जाऊन नारळ फोडला आणि गप्प बसलो.

रोज पूजेला बसतो. पण अक्का दरवर्षी यात्रेत म्हणायची, "त्या हवालदारनी पत्रा दखात नही, म्हनीसन मना हात गया." आणि मी ताटावरून उठायचो.

यंदा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, हेलिकॉप्टरमधून फुलं टाकू. गर्दीवर नको, असं मी उभं राहून सांगितलं. का, ते मात्र तिथं सांगता आलं नाही.

घरी येऊन अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "इतला वरीस मी त्या मानूसले शिव्या दिन्यात रे भाऊ... तू माले देऊ दिन्यात."

काल धुळ्याला गेलो. हवालदार आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, ओट्यावर बसलेले होते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील.

"मला काय सांगतोस? मी वर चढलो नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या पोराला सांग. त्याला तीस वर्षं वाटतंय की बाप चिरीमिरी घेऊन सही करून बसला."

मुलगा कामावरून सहाला येणार होता. माझी परतीची एसटी पाचची होती. ती जाऊ दिली...

तो आला, पायातले बूट काढायच्या आत मी उभा राहिलो, आणि त्याच्या वडिलांसमोर त्याला सगळं सांगितलं.