काजळ्याशी रुमालाखालचा सौदा

झुलाल दलालाला दिसत नाही, हे सावद्यात एकट्या झुलाललाच दिसत नव्हतं.

गुरांच्या बाजारात बैलजोड्यांचे सौदे जुळवून देणारा हा पन्नाशीचा गडी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण पठ्ठ्या कबूल होईल तर शपथ! बायको धुरपदाबाई, माहेर धुळ्याचं, रोज मागे लागायची, "धुयाले चला. मना भाऊना गल्लीमा डोयाना डाक्टर शे." की हा छाती पुढे काढायचा, "माले बठ्ठं दिसस, बारीकसारीक बी!" आणि त्याच छातीने दाराच्या चौकटीवर आपटायचा. एकदा बाजारात त्याने कुणाच्या तरी पांढऱ्या स्कूटरवर थाप मारून "जनावर गरीब आहे" असा निर्वाळा दिला म्हणतात. खरंखोटं त्या स्कूटरला ठाऊक.

धंदा मात्र अडत नव्हता. बैलाचा भाव उघड्यावर कोण बोलतो? दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या माणसाला वासही लागत नाही. "बोटांना मोतीबिंदू होत नसतो," झुलाल म्हणायचा. आतली गोष्ट वेगळी होती. मारक्या बैलाची शिंगं धरणारा हा मर्द, डोळ्यापाशी सुई येणार एवढं नुसतं ऐकलं तरी गळाठायचा.

तर एक्क्याण्णव साली ह्या झुलालला एक नाद लागलेला होता. समोरच्या कापडदुकानाचा प्रकाशचंद पुण्याच्या होस्टेलातून डिग्रीबरोबर एक परदेशी खेळ शिकून आला होता. त्यात ना पट, ना सोंगट्या. प्रकाशचंद गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि तलवार लागली की हुकली ते वीस तोंडांचा फासा ठरवणार. दुकान बंद असलं की दुपारी झुलालच्या ओट्यावर डाव बसायचा. गॅरेजवाला भिकन झाला योद्धा, आणि झुलाल मांत्रिक. हा मांत्रिक त्याने पोटच्या पोरासारखा वाढवला होता. खेळात मेला तो कायमचा मेला, असा प्रकाशचंदचा खाक्या.

आणि मागच्या डावात आक्रीत घडलं. काजळ्या नावाच्या राक्षसाने भिकनच्या योद्ध्याला गुहेतल्या खांबाला बांधलं आणि मांत्रिकाच्या तोंडावर मंतरलेली काजळी फुंकली. मांत्रिक ठार आंधळा! डाव तिथेच थांबला.

त्यानंतर झुलालला जेवण गोड लागेना. भिकनने डिवचलं, "नाना, आता तुमच्या मांत्रिकाचं तेरावं कधी?" तसा हा भडकला. "डोळे गेले म्हणून काय झालं? मना मांत्रिक डोयाबिगर जिंकी दाखाडी!"

धुरपदाबाई आत कच्च्या केळ्यांच्या चकत्या पाडत होती. ती विळी सोडून बाहेर आली. "दाखवा तर! जिंकला तर मी ऑपरेशनचं नाव काढणार नाही, देवाच्यान. मेला तर दुसऱ्या दिवशी धुळ्याची एस्टी."

गल्लीसमोर शब्द गेला. आता मागे कसा फिरणार?

डावाच्या दिवशी ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायासुद्धा निवडायचं धान्य घेऊन आल्या. प्रकाशचंदने आवाज जाड केला, "काजळ्या तुझ्याभोवती फिरतो आहे. खी खी हसतो आहे. बोल मांत्रिका!"

"वीज टाकतो त्याच्यावर!"

"कुणावर? दिसतोय का तुला? नेम धरायचा मंत्र दिसणाऱ्यावरच चालतो. नियम आहे."

"हसला ना तो? आवाजाच्या रोखाने टाकतो."

"गुहा आहे, नाना. आवाज चारी बाजूंनी येतो."

"मग आगीचा लोळ सोडतो! त्याला माणूस दिसावा लागत नाही, जागा सांगितली की झालं. सगळी गुहा पेटवतो!"

"ओ नाना!" भिकन उडालाच. "मी खांबाला बांधलेला आहे ना! माझं काय भरीत करता?"

सगळा ओटा खदखदला. झुलालच्या कपाळावर घाम. राहिला एकच मंत्र, गोठवण्याचा. तो अंगाला हात लावून घालायचा, त्याला डोळे लागत नाहीत. पण काजळ्या हाताला लागेल तेव्हा ना! झुलालने दोनदा झडप घातली, दोनदा फासा पडला, दोनदा राक्षस निसटला. तिसरी झडप घालणार तोच प्रकाशचंद म्हणाला, "आता पाळी काजळ्याची. तो म्हणतो, आंधळ्या, तुझी जादूची काठी मला दे, तुझा दोस्त सोडतो. नाहीतर दोघांचा घास करतो."

आतून विळीचा आवाज थांबला. आणि मग, काय सांगावं, झुलालच्या चेहऱ्यावर हळूहळू बाजार भरला!

"नुसत्या दोस्तावर काठी देऊ? दुसरं काय देतोस?"

"काजळ्या म्हणतो, तू बोल."

"उघड्यावर? एवढ्या माणसांत? सौद्याची काही रीत असते का नाही, शेठ?" झुलालने खांद्यावरचा रुमाल झटकला आणि हातावर पसरला. "घाल हात."

प्रकाशचंदच्या सात पिढ्या गादीवर बसलेल्या. सौदा म्हटल्यावर तो राक्षस असला म्हणून काय झालं? हात गेलाच रुमालाखाली. झुलालने दोन बोटं दाबली, जरा थांबला, आणि मनगट असं आवळलं की शेठ केकाटला.

"धरला! हात लागला ना? गोठ, लेका काजळ्या, गोठ!"

भिकन ओरडला, "लागला! लागला!" प्रकाशचंदने पुस्तक चाळलं, डोकं खाजवलं आणि मान डोलावली. नियमाने लागला होता! फासा घरंगळला. "किती? किती पडले?" झुलालला दिसत नव्हतं. भिकनने त्याला कवेतच उचललं. "वीस, नाना, वीस!" ओट्याच्या कडेला वाळत घातलेल्या केळ्याच्या चकत्या उडाल्या, कुणाचं तरी सूप उलटलं.

गलका ओसरल्यावर प्रकाशचंद हळूच म्हणाला, "गोठलेल्या काजळ्याच्या कमरेला एक कुपी आहे. आत दोनच थेंब अंजन. काठीला चोळलंस तर काठी दुप्पट जोराची. डोळ्यांत घातलंस तर दृष्टी येईल, पण आग फार होईल. बोल लवकर!"

"डोयामा घाल!" झुलाल किंचाळला. "काठीले काय करू? आग व्हऊ दे, डोयामा घाल!"

दारात धुरपदाबाई उभी होती, हाताला केळ्याचा चीक.

"मांत्रिकले डोया पाहिजेत," ती म्हणाली, "आनि तुमले?"

पैज झुलाल जिंकला होता, ऑपरेशन टळलं होतं, सगळी गल्ली साक्षीला होती. त्याने रुमालाने कपाळ पुसलं. "आग लई होते का गं?" त्याने विचारलं.

"मी ऱ्हासू ना सोबत."

"मग जासू धुयाले."

डावाच्या आदल्या दिवशी धुरपदाबाई ब्लाऊजपीस घ्यायला म्हणून प्रकाशचंदच्या दुकानात गेली होती आणि बराच वेळ बसली होती, हे गल्लीने पाहिलेलं होतं. ब्लाऊजपीस मात्र कुणी पाहिलं नाही.

धुळ्याहून जाड भिंगांचा चष्मा लावून झुलाल परत आला, तो थेट ओट्यावर. प्रकाशचंदने काढलेलं काजळ्याचं चित्र हातात घेऊन त्याने उलटंसुलटं पाहिलं. "हा? असला मरतुकडा? याला तर मी दावणीलाही बांधला नसता!"

मग चष्मा सावरत त्याने धुरपदाबाईकडे निरखून पाहिलं, खालपासून वरपर्यंत.

"काय व? ते नवं ब्लाऊज अजून शिवलं नही वाटतं?"

धुरपदाबाईने पदर तोंडाला लावला. "दिसाले लागनं, माय!"