सासऱ्यांची आणि माझी लाल इंजेक्शनं

दोन वर्षांपूर्वी माझं अंग दुखायला लागलं ते थांबेचना. खांदे, कंबर, पोटऱ्या, रोज काहीतरी नवीन, वर हातापायांना मुंग्या. नौपाड्यातल्या ऑफिसातून मानपाड्याला घरी आले की सोफ्यावर बसायचे आणि मग उठवायचं नाही. समोर सासरे पेपर वाचत असायचे. सरकारी नोकरीतून निवृत्त, पंचाहत्तरीचे, आणि स्वतःच्या तब्येतीचा भारी अभिमान.

"तुझ्या वयात आम्ही पाण्याच्या कळशा घेऊन चार मजले चढायचो."

"बाबा, तुमची चाळ दोन मजली होती. सासूबाई सांगायच्या."

ते पान उलटायचे.

शेवटी घराजवळच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तपासण्या करून घेतल्या आणि या अंगदुखीचं फायब्रोमायल्जिया असं लांबलचक नाव सांगितलं. शिवाय बी-ट्वेल्वही फार कमी होतं. "इंजेक्शनांनी मुंग्या जातील, थकवा कमी होईल," त्या म्हणाल्या. "पण सगळं दुखणं त्यानं जाणार नाही. त्यासाठी रोज चालायचं आणि नीट झोपायचं." चालण्याचं मी सोयीस्करपणे ऐकलंच नाही.

घरी सासऱ्यांना हे पटेना. "व्हिटॅमिन कमी? घरात रोज पालेभाजी होते की."

"बाबा, ते पालेभाजीत नसतं," नवरा म्हणाला. "तुम्हीही तपासून घ्या. तळपायाला मुंग्या येतात म्हणून रोज तेल चोळता ना?"

आपलं रक्त कसं उत्तम आहे हे दाखवायला ते तपासणीला तयार झाले. रिपोर्ट आला तर त्यांचं बी-ट्वेल्व माझ्याहून कमी. त्यांनी भिंग घेऊन तो कागद दोनदा वाचला. छपाईची चूक असेल अशी आशा असावी. मग म्हणाले, "नाव माझंच आहे."

त्यानंतर दिवसाआड संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षानं दवाखान्यात जायला लागलो. ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी लाल औषध सिरिंजमध्ये भरत विचारलं, "दंडावर देऊ की कमरेवर?"

"दंडावर," सासरे इतक्या घाईनं म्हणाले की मला हसू दाबावं लागलं.

"काही कळलंसुद्धा नाही," बाहेर आल्यावर त्यांनी जाहीर केलं. रिक्षात मात्र तो हात धरून बसले आणि खड्डा आला की माझ्याकडे असे बघायचे, जणू तो मीच खणलाय.

चारपाच इंजेक्शनांनंतर त्यांच्यात जो उत्साह संचारला, त्याचा त्रास आम्हाला झाला. त्यांनी माळा आवरला. मसाल्याच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यात धने आणि जिऱ्याची अदलाबदल झाली. मग सकाळी साडेपाचला माझ्या दारावर टकटक. "चल फिरायला. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी ऐकलंय."

जावं लागलं. मी हळू चालायचे. ते पुढे जाऊन बेकरीपाशी थांबायचे आणि मी पोचले की घड्याळ बघायचे.

माझ्या मुंग्या गेल्या, डोकं हलकं झालं. दुखणं मात्र राहिलंच. कोर्स संपला त्या संध्याकाळी मला मनातून वाईट वाटत होतं, सगळं एकदम जाईल अशी मी आस धरून बसलेले. सासऱ्यांनी पेपर खाली केला.

"दुखतंय का गं?"

एवढ्या दिवसांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. मी हो म्हटलं.

"मग बस. कुकर मी लावतो."

भाताची पेज झाली. ती आम्ही तिघांनी लोणच्याबरोबर खाल्ली. मला दुसऱ्यांदाही घ्यावीशी वाटली.

आता मला महिन्यातून एक इंजेक्शन असतं. त्यांना गोळ्या पुरतील असं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा ते जरा नाराज झाले. तरी माझ्याबरोबर येतात. मी आत असते तेवढ्या वेळात बाकावर बसून नव्या पेशंटना सांगतात की दंडावरच घ्या, काही कळत नाही.