मामांची विशेषणं

इंग्रजी विशेषणाची माझ्या मामेसासऱ्यांइतकी काळजी घेणारा माणूस अख्ख्या भोपाळमध्ये नाही. मोठा तलाव धरून सांगतो. इंग्रजी पुष्कळांना येतं, मामांहून चांगलं येतं. पण लोक विशेषणं उधळतात आणि मामा ती वापरतात, एवढाच फरक आहे. आठवड्याला एक विशेषण. तेही साधं 'गुड', 'नाइस' नाही. डोळ्यांपुढे चित्र उभं करणारं हवं. सोमवारी ते निवडायचं आणि शनिवारपर्यंत पाच वाक्यांत बरोबर वापरायचं. वाक्य समोर दिसणाऱ्या वस्तूबद्दल असलं पाहिजे आणि ते कुणाला तरी मोठ्याने म्हटलं पाहिजे. रविवारी पाचही वाक्यं मला वाचून दाखवायची आणि मी वहीत सही करायची. मी मंडीदीपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मोजल्याशिवाय कशावरही सही करत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

या नादाचं मूळ नोकरीत आहे. राजधानी नागपूरहून हलली तेव्हा मामांचे वडील सरकारी कचेरीबरोबर इथे आले, आणि पुढे मामाही तशाच कचेरीत चिकटले. चौतीस वर्षं साहेबांसाठी पत्रांचे मसुदे लिहिले आणि चौतीस वर्षं साहेबांनी त्यातली विशेषणं खोडली. एकदा पुराच्या अहवालात मामांनी नदीला 'रेजिंग' म्हटलं, म्हणजे खवळलेली. साहेबांनी त्यावर रेघ मारून बाजूला लिहिलं, 'किती फूट?' मामा हे अजून दुखऱ्या आवाजात सांगतात. साहेबांचं बरोबर होतं असं मला मनातून वाटतं, पण मी ते कधी बोललो नाही.

निवृत्तीनंतर मामा मोकळे सुटले. अवधपुरीत मामांच्या घराच्या कोपऱ्यावर पोहे-जलेबीचा ठेला आहे. एका सकाळी तिथे कढईकडे बोट दाखवून ते गंभीरपणे म्हणाले, "युवर जलेबी इज रिस्प्लेंडंट." झळाळती, असं त्यांना म्हणायचं होतं. ठेलेवाला हबकला. "बाऊजी, कसम से, तेल आज ही बदला है!" दुसऱ्या एका आठवड्यात शब्द होता 'प्रिकेरियस', म्हणजे आता पडेल की मग पडेल असा. पंखा बसवायला शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनला मामांनी खालून ओरडून सांगितलं, "युवर पोझिशन इज प्रिकेरियस!" तो दचकून उतरला तो दोन दिवस परत आलाच नाही. पंखा नसलेल्या खोलीत बसून मामी म्हणाल्या, "अहो, दोन दिवस ठेवा नं तो शब्द खिशात. कोणी चोरून नाही नेत बाप्पा."

एकदाच मी सही नाकारली. नळाला एक दिवस पाणी आलं नाही, त्याला मामांनी 'कॅटॅस्ट्रॉफिक' म्हटलं होतं. मी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. निम्मी भरलेली होती. म्हटलं, "मामा, हा अनर्थ नाही. ही गैरसोय आहे." पंचवीस मिनिटं वाद झाला. शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने वाक्य खोडलं. त्यानंतर मोठा शब्द उच्चारण्याआधी ते थबकायचे, माझ्याकडे बघायचे आणि एक पायरी खालचा शब्द घ्यायचे. मला याचा थोडा अभिमानही वाटायचा.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला.

"जावईबापू, हिच्या छातीत दुखतंय. सिव्हियर म्हणता येणार नाही. माइल्ड टू मॉडरेट म्हणू. सवडीने येता का?"

मामांचा शब्द म्हणजे पारखलेला शब्द. मी सवडीने निघायच्या तयारीला लागलो. दाढी केली. शर्टाला इस्त्री करत होतो तेव्हा बायकोने विचारलं, मामा काय म्हणाले? मी सांगितलं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. "छातीत दुखतंय म्हणाले, आणि तुम्ही कॉलर बसवताय?"

आम्ही नऊ छत्तीसला निघालो. एकवीस मिनिटं गेली होती. हबीबगंजच्या आमच्या घरापासून अवधपुरीपर्यंत त्या एकवीसखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

मामी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावर घाम. मामा त्यांच्या पाठीवर हात ठेवून वाकून विचारत होते, "टोचतंय की दाबतंय? नीट सांग गं, डॉक्टर विचारतील."

"अहो," मामी म्हणाल्या, "तुम्ही आधी चप्पल घाला."

गाडीत मामा मागच्या सीटवर पुटपुटत होते. "स्टॅबिंग... नाही. थ्रॉबिंग... नाही, तेही नाही." प्रत्येक सिग्नल लाल लागत होता. आरशात मला फक्त मामींचा हात दिसत होता. त्याने मामांची बाही घट्ट धरली होती.

हॉस्पिटलात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारलं, "दर्द कैसा है?"

मामा ताठ झाले. "सर, द पेन इज..." आणि वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात मामीच म्हणाल्या, "बेटा, जैसे कोई गीली चादर निचोड़ रहा हो. यहाँ से... यहाँ तक." आणि त्यांनी छातीपासून डाव्या कोपरापर्यंत हात फिरवला. डॉक्टरने पेन टाकलं आणि स्ट्रेचरसाठी हाक मारली.

आम्ही दोन तास दहा मिनिटं बाकावर बसून होतो. मध्येच मामा म्हणाले, "मी खोटं नाही सांगितलं हो. वाटलं, मोठा शब्द वापरला आणि दुखणं लहान निघालं, तर तुम्ही काय म्हणाल?"

"काही म्हटलं नसतं, मामा," मी म्हणालो. ते खरं होतं का, मला आजही सांगता येत नाही.

डॉक्टर बाहेर आले. "ठीक हैं. थोड़ी और देर होती तो मुश्किल था."

"थोड़ी मतलब कितनी?" मी विचारलं.

"अंकल, वो मत पूछिए."

मामी घरी आल्या. हृदयाच्या नळीत स्टेंट आहे, जेवणात मीठ कमी आहे आणि जिना चढायचा नाही. मामांनी नवीन विशेषण घेतलेलं नाही. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन येतो. "बीपी एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर. नाडी बहात्तर." आकडे चांगले असतात. एरवी मला तेवढं पुरलं असतं.

"ते झालं, मामा. पण मामी कशा आहेत?"

मामा फोन तोंडापासून दूर धरून विचारतात, "अगं, कशी आहेस?"

आतून, भांड्यांच्या आवाजातून, उत्तर येतं, "इथेच तर आहे नं!"

"इथेच आहे म्हणते," मामा मला हलक्या आवाजात सांगतात, आणि फोन बंद करायचं विसरून आत निघून जातात.