नऊजणींचा एस

पाळी गावची चंद्रावती गोव्यात डिचोलीच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरते. बारा वर्षं भरते आहे आणि बारा वर्षं टेंपररीच आहे. तिच्या टेबलावरच्या आणखी आठ बायकाही तशाच. शेवटी कायम करा म्हणून तिने नववीपर्यंतच्या इंग्रजीत अर्ज खरडला आणि नऊजणींनी सह्या ठोकल्या.

अर्जात तिने ‘आम्ही नऊ स्टाफ्स’ असं लिहिलं होतं. कर्मचारी विभागाचे योगेश साहेब पोट धरून हसले. माणसं कितीही असोत, स्टाफला एस लागत नाही, एम्प्लॉयीला मात्र लागतो, असा धडाच त्यांनी सगळ्यांदेखत दिला. चंद्रावतीचे कान तापले. पण माणूस हसताहसता का होईना, खरं ते शिकवून गेला होता.

महिन्याने उत्तर आलं. साहेबांनी तिला एकटीलाच बोलावलं, खुर्ची दिली, चहासुद्धा मागवला. तिथेच तिला संशय आला, कारण एवढा मान बारा वर्षांत कोणी दिला नव्हता. तिने बोट ठेवून सावकाश पत्र वाचलं. एम्प्लॉयीला कायम करण्यात येईल, असं त्यात होतं, पण शब्दाला एस नव्हता.

“ह्या शब्दाक एस लागता म्हणून तुमीच सांगिल्लें,” ती म्हणाली. “मगीर तो खंय गेलो?”

साहेब चुळबुळले. पत्र तिच्यापुरतंच आहे, बाकीच्यांचं पुढे बघू, तिने सही करावी आणि बाहेर वाच्यता करू नये, असं ते समजावू लागले. खाण बंद पडल्यापासून नवरा घरीच होता. ही नोकरी तिला हवीच होती, खोटं कशाला सांगा? पण बाहेर टेबलापाशी आठजणींतली रत्ना होती, बेळगावकडून येऊन भाड्याच्या खोलीत संसार मांडलेली. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि रागही आला, भलताच. नऊजणींतली एक उचलायची आणि आठजणींची तोंडं बंद करायची, हा कसला न्याय?

तिने टेबलावरचं पेन उचललं, एम्प्लॉयीपुढे ठसठशीत एस काढला आणि मग खाली सही केली.

साहेबांचा चेहरा उतरला. कंपनीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही, हे पत्र रद्द, आता कायम होणं विसर, असं त्यांनी सुनावलं.

“जावंदी रद्द,” चंद्रावती उठत म्हणाली. “दुसरें टायप करतलात तेन्ना एस विसरूं नाकात.”

आणि तो रद्द झालेला कागद आठजणींना दाखवायला घेऊन गेली.